कोरडी जागा आणि सुरक्षित जागा: वर्धा फिरताना वीज कडाडली तर काय करायचं?

(ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलण्यातलं 'अं', 'म्हणजे' काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)

मी बोरगाव मेघेतून बोलतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बोरगाव मेघे म्हणजे वर्धा शहराला अगदी चिकटून असलेलं गाव. इतकं चिकटून की बाहेरून आलेल्या माणसाला गाव कुठे संपलं आणि शहर कुठे सुरू झालं, हे कळतच नाही. आमच्याकडे येणारा पाहुणा 'वर्ध्याला आलो' असंच म्हणतो आणि आम्हीही त्याला दुरुस्त करत नाही.

आजचा विषय एका पाहुण्यामुळेच सुचला. गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ पुण्याहून आठवडाभर राहायला आला होता. कॉलेजला सुट्ट्या होत्या, त्याला सेवाग्राम बघायचं होतं. दुपारी ऊन थोडं उतरल्यावर आम्ही दोघं स्कूटीवर निघालो. आश्रम बघून परत फिरलो तेव्हा साडेचार वाजले असतील. पश्चिमेकडे आभाळ काळंनिळं झालं होतं. आधी धूळ उडाली, मग टपोरे थेंब सुरू झाले. रस्त्याच्या कडेला मोठा कडुनिंब होता, खाली चार-पाच गाड्या आधीच थांबलेल्या. भाऊ म्हणाला, "दादा, इथं थांबूया का?" मी म्हणालो, "थांब ना, कोरडं आहे की."

हे 'कोरडं आहे की' लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग या तीन शब्दांवर आहे.

समोर एक चहाची टपरी होती. टपरीवाले काका ताडपत्री आवरत होते. त्यांनी आम्हाला बघितलं आणि तिथूनच ओरडले, "झाडाखाली काहून उभे राह्यले बे पोट्टेहो? निंगा तिथून! त्या सिमिटाच्या घरात घुसा!" त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की आम्ही सगळेच पळालो. बाजूच्या पक्क्या घरातल्या काकूंनी काही न विचारता दार उघडलं. सात-आठ अनोळखी माणसं त्यांच्या बैठकीत ओल्या कपड्यांनी उभी. दहाएक मिनिटांनी डोळे दिपवणारा उजेड आणि कानठळ्या बसवणारा आवाज, दोन्ही एकदमच. पाऊस थांबल्यावर बाहेर आलो, तर घरामागच्या शेतातली शिंदी वरून खालपर्यंत चिरलेली होती.

आता खरं सांगतो. आम्ही ज्या कडुनिंबाखाली उभे होतो त्याला काहीच झालं नव्हतं. म्हणजे काकांनी ओरडून आमचा जीव वाचवला, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण रात्री गच्चीवर बसलो असताना भावानं विचारलं, "तू इथलाच ना? तुला माहीत नव्हतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो पाहुणा होता, त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी त्याला झाडाखाली उभं केलं. म्हणून हा भाग.

ही वीज नेमकी येते कुठून?

थोडक्यात सांगतो, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्या विदर्भात एप्रिल-मे म्हणजे भट्टी. जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर जाते. त्यात समुद्राकडून आलेली दमट हवा मिसळली की ती हवा झपाट्यानं वर चढते आणि कित्येक किलोमीटर उंचीचे ढग तयार होतात. वर इतकी थंडी असते की ढगाच्या माथ्याकडे बर्फाचे कण असतात. हे कण आणि गारा एकमेकांवर आपटत राहतात, त्यातून ढगात विद्युतभार साठतो. भार फार झाला की तो वाट शोधतो. कधी ढगातल्या ढगात, कधी एका ढगातून दुसऱ्यात आणि कधी जमिनीकडे. ही जमिनीकडची वाट म्हणजे आपण म्हणतो ती 'वीज पडली'.

वीज ज्या वाटेनं जाते तिथली हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा हे तापमान कितीतरी जास्त आहे, जवळजवळ पाच पट. इतकी तापलेली हवा एकदम फुगते, तोच गडगडाट.

जमीन दिवसभर तापत असल्यामुळे ही वादळं बहुतेक वेळा दुपारी तीननंतर आणि संध्याकाळी येतात. आणि ती फक्त उन्हाळ्यात नसतात. जूनमध्ये पाऊस सुरू होताना आणि पुढे ऑक्टोबरमध्ये तो परतताना पुन्हा कडकडाट असतो. आता विचार करा, पाहुणे फिरायला कधी निघतात? ऊन उतरल्यावर. म्हणजे आपली फिरायची वेळ आणि विजेची यायची वेळ एकच!

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशभरात २,८८७ माणसं वीज पडून गेली. त्यात शेतात राबणारे पुष्कळ असतात, म्हणून शहरातल्या पोरांना वाटतं की हा आपला विषय नाही. पण पुढच्या तीन घटना ऐका.

तीन गावं, तीन आडोसे

पहिली, जयपूर. ११ जुलै २०२१. आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी बुरुजावर संध्याकाळी लोक फिरायला गेले होते. बरेच जण पावसाळी हवेची मजा घेत सेल्फी काढत होते. वीज पडली आणि किमान ११ जणांचा जीव गेला. उंच जागा, चहूबाजूंनी मोकळी.

दुसरी आपल्या विदर्भातली. अकोला जिल्ह्यातलं पारस. ९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. बाबूजी महाराजांच्या मंदिरात धार्मिक कार्यक्रमासाठी भाविक जमले होते. वादळी पाऊस आला, लोक टिनाच्या शेडखाली थांबले. शेजारचं कडुनिंबाचं मोठं झाड त्या शेडवर कोसळलं. ७ जण गेले, कितीतरी जखमी झाले. इथे वीज नाही, वारा होता. पण शेड कोरडं होतं, म्हणूनच लोक त्याखाली होते.

तिसरी मुंबई. १३ मे २०२४, घाटकोपर. दुपारी धुळीचं वादळ आणि पाऊस आला. पेट्रोल पंपाशेजारचं राक्षसी होर्डिंग पंपावर कोसळलं. १७ जणांचा मृत्यू झाला. पंपाच्या छपराखाली माणसं आणि गाड्या होत्या. तीही कोरडी जागा.

यात गेलेल्यांची चूक होती, असं मला अजिबात म्हणायचं नाही. होर्डिंग कुणी लावलं, परवानगी कुणी दिली, हे प्रश्न वेगळे आणि महत्त्वाचे आहेत. मला एवढंच दाखवायचंय की पाऊस आला की आपलं डोकं एकच प्रश्न विचारतं: भिजणार नाही अशी जागा कुठे आहे? आणि वादळात तो प्रश्नच चुकीचा असतो. विचारायचं असतं ते असं: बंद आणि पक्की जागा कुठे आहे?

आपल्या गावात याचं उत्तर पाय आपोआप शोधतात. घर, मित्राचं घर, किराणा दुकान. परक्या शहरात आपल्याला कुणाचं दार माहीत नसतं. मग आपण जे पहिलं दिसेल त्याखाली शिरतो. झाड, टपरी, बसथांबा, होर्डिंगचा आडोसा.

मग 'बंद आणि पक्की' म्हणजे काय?

दोनच प्रकार लक्षात ठेवा.

एक, पक्की इमारत. भिंती, स्लॅब, दारं-खिडक्या, आत विजेचं वायरिंग आणि नळाचे पाइप. अशा इमारतीवर वीज पडली तर ती बहुतेक वेळा सळया, वायरिंग, पाइप यांच्या वाटेनं जमिनीत उतरते. आतला माणूस त्या वाटेत नसतो. दुकान, बँक, दवाखाना, हॉटेल, शाळा, रेल्वे स्टेशनची इमारत, काहीही चालेल. लाजू नका. दार उघडं असेल तर आत जा, 'काका, वीज चमकतेय, पाच मिनिटं थांबू का?' असं विचारा. वर्ध्यात तरी कुणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

दोन, पत्र्याचं छप्पर असलेली, काचा बंद केलेली मोटार किंवा बस. इथे एक गंमत आहे. लोकांना वाटतं की रबरी टायरमुळे गाडी सुरक्षित असते. तसं नाही. जी वीज ढगातून काही किलोमीटर हवा फाडत आली, तिला चार इंची रबर काय अडवणार? गाडी वाचवते ती तिच्या धातूच्या सांगाड्यामुळे. वीज बाहेरच्या पत्र्यावरून फिरून जमिनीत जाते. म्हणून आत बसलात तर दारांच्या धातूला, रेडिओला हात लावू नका. एसटीत असाल तर एसटीतच बसा. रेल्वेच्या डब्यात असाल तर दारात उभं न राहता आत बसा.

आता 'कोरडी पण सुरक्षित नाही' अशी यादी:

– झाड. वीज झाडावर पडली की ती खोडातून खाली येता येता जवळच्या माणसाच्या अंगावर उडी मारू शकते. आणि मुळाशी जमिनीत पसरते ते वेगळंच. झाडाखाली थांबलेली गुरं एकदम चार-पाच मेल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो ना, त्यामागे हेच कारण. पसरलेल्या विजेनं पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये विद्युतदाबाचा फरक पडतो आणि प्रवाह शरीरातून जातो.

– टपरी, टिनाचं शेड, बसथांबा, मंडप. पाऊस अडतो. वीज नाही आणि वाराही नाही.

– ऑटो आणि ई-रिक्षा. बाजू उघड्या, वर कापड. मोटारीचं संरक्षण इथे मिळत नाही.

– दुचाकी. सगळ्यात वाईट. रेनकोट घालून 'हळूहळू जातो' म्हणणारे आपणच असतो. वाऱ्यानं मोडलेली फांदी, निसरडा रस्ता आणि वीज, तिन्ही एकदम. पक्क्या इमारतीसमोर गाडी लावा आणि आत जा.

– उड्डाणपुलाखालची गर्दी. नागपुरात हे हमखास दिसतं. अर्धा रस्ता गाड्यांनी अडवून लोक पुलाखाली थांबतात. बाजू उघड्या असतातच, शिवाय पावसात मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसालच असं नाही.

– होर्डिंग, मोबाइल टॉवर, विजेचा खांब, रोहित्र. यांच्या आसपाससुद्धा नको.

तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर

वीज किती लांब आहे हे कसं ओळखायचं? उजेड लगेच दिसतो, आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांत एक किलोमीटर. चमक दिसली की मोजायला लागा. आवाज येईपर्यंत नऊ झाले तर वीज तीन किलोमीटरवर. बोरगाव मेघेतून वर्ध्याच्या बाजारात जायचं अंतरही त्यापेक्षा फार वेगळं नाही.

जगभर वापरला जाणारा साधा नियम आहे ३०-३०. पहिला तीस: चमक आणि आवाज यांत ३० सेकंद किंवा कमी असतील, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत असेल, तर आत जा. कारण पुढची वीज मागच्याच जागी पडेल असं कुठे लिहिलंय? ती दहा किलोमीटर पुढे, तुमच्याजवळही पडू शकते. दुसरा तीस: शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं आतच थांबा. आपण इथेच चुकतो. पाऊस थांबला की निघतो. पाऊस थांबणं आणि वीज थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मोजायचं लक्षात राहिलं नाही तर त्याहून सोपं: गडगडाट ऐकू आला, म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. डोक्यावर ऊन असलं तरी.

फोन कशाला आहे मग?

आता आपल्या आवडत्या यंत्राकडे येऊ. फोनमध्ये तीन गोष्टी ठेवा.

पहिलं, 'दामिनी' ॲप. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं बनवलंय, फुकट आहे. देशभर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यावरून ते तुमच्या आजूबाजूला २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांतल्या विजा वेगवेगळ्या रंगांत दिसतात. त्यामुळे वादळ आपल्याकडे सरकतंय की लांब चाललंय, तेही कळतं. यासाठी लोकेशन चालू लागतं. पाहुणे म्हणून आलेल्यांनी एक गोष्ट तपासा: ॲपला लोकेशनची परवानगी दिलीय का. नाहीतर तुम्ही वर्ध्यात आणि ॲपला तुमचा पत्ताच नाही, असं व्हायचं.

दुसरं, हवामान खात्याचं 'मौसम' ॲप. विदर्भाचे इशारे नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतात. रंगांचा अर्थ सोपा आहे. हिरवा: काही करायची गरज नाही. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा. लाल: आता हालचाल करा. सकाळी निघण्यापूर्वी जिल्हा 'वर्धा' निवडून एकदा बघा.

तिसरं, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत'. आणि हो, फोनवर अचानक मोठा आवाज करत जो सरकारी इशारा येतो, तो वैतागून बंद करू नका. आधी वाचा.

पण ॲपवर सगळं सोपवू नका. वादळात नेटवर्क जातं, बॅटरी संपते, माहिती यायला वेळ लागतो. ॲपवर काही दिसत नाही आणि कानाला गडगडाट ऐकू येतोय, तर कानावर विश्वास ठेवा. आपल्या आजीकडे दामिनी नव्हतं. 'ईज चमकून राह्यली, अंदर या रे' एवढंच ती म्हणायची. त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

एका दिवसाचं वर्धा, छतासकट

आता कामाची गोष्ट. समजा तुमच्याकडे पाहुणा आलाय किंवा तुम्हीच वर्ध्याला आलाय. काय बघायचं याची यादी सगळे करतात. मी भावासाठी यादी केली त्यात प्रत्येक ठिकाणापुढे एक रकाना वाढवला: 'वीज आली तर कुठे?'

*सेवाग्राम आश्रम.* वर्ध्यापासून साधारण आठ किलोमीटर. गांधीजी इथे १९३६ साली राहायला आले. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी, सगळं माती, बांबू आणि कौलांचं, भोवती मोठी जुनी झाडं. मन शांत होतं, पण वादळात झाडाखालच्या ओट्यावर बसायचं नाही. आश्रमासमोर यात्री निवासाची पक्की इमारत आहे, तिकडे जा. त्यासाठी गडगडाट सुरू होताच निघायला हवं, पाऊस पडायची वाट बघून नाही.

*पवनार.* धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. संध्याकाळी नदीच्या खडकांवर बसायला तरुण मंडळी जातात. पाणी, उघडा काठ, वर मोकळं आभाळ. विजेच्या दृष्टीनं याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. ढग दिसले की आधी पाण्यातून बाहेर, मग काठावरून वर, मग इमारतीत. शिवाय वरच्या भागात जोरात पाऊस झाला तर नदी वाढते, तो धोका वेगळा.

*गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप, गोपुरी.* गीताई मंदिराचं वैशिष्ट्यच असं की त्याला छत नाही. उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत आणि वर आभाळ. शेजारी पांढराशुभ्र स्तूप, उघड्यावर आणि उंच. दोन्ही ठिकाणं सकाळी बघा. वीज आली तर स्तूपाच्या पायऱ्यांवर थांबायचं नाही, परिसरातल्या बंद इमारतीत जायचं.

*हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकड्या.* सूर्यास्त बघायला छान. पण टेकडीवर सगळ्यात उंच तुम्हीच असता. आमेरचा बुरुज आठवा. पश्चिमेला काळं दिसलं तर त्या दिवशी सूर्यास्त नाही, असं समजून खाली उतरा.

*मगन संग्रहालय.* १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं ग्रामोद्योगाचं संग्रहालय, शहरातच. बंद इमारत. म्हणजे दुपारी तीननंतरसाठी उत्तम!

आलं ना लक्षात? उघडी ठिकाणं सकाळी, बंद ठिकाणं दुपारनंतर. एवढा बदल केला तरी अर्धं काम होतं आणि मे महिन्यात उन्हापासूनही सुटका होते. हेच सूत्र तुम्ही नागपूरला फुटाळा-अंबाझरीला जा, नाहीतर पुण्याला सिंहगडावर जा, तिथेही लागू आहे.

खोलीत आहात? तरी थोडं ऐका

लॉजवर, होस्टेलवर किंवा नातेवाइकांकडे असाल तर अर्धी लढाई जिंकली. तरी चार गोष्टी. चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर चार्जर काढून बोला. वीज जवळ पडली तर ती वायरिंगमधून येते. त्याच कारणानं नळ, शॉवर, भांडी घासणं तेवढ्या वेळापुरतं बंद. खिडकीपासून, ग्रिलपासून लांब. आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत रील काढायला जायचं नाही. विजेचा व्हिडिओ फार सुंदर येतो, मला माहितीय. पण तो घराच्या आतून, बंद काचेपासून लांब उभं राहूनही येतो.

कुठेच काही नाही, उघड्यावर अडकलो, तर?

शेतात, नदीकाठी, रस्त्यावर, आसपास एकही इमारत नाही. अशा वेळी पूर्ण सुरक्षित असं काही नसतं, फक्त धोका कमी करता येतो. उंच जागेवरून खाली या. एकटं झाड, खांब, तारेचं कुंपण, पाणी यांपासून लांब व्हा. ग्रुपमध्ये असाल तर एकमेकांना चिकटून उभे राहू नका, अंतर ठेवा, म्हणजे एकाच विजेनं सगळे आडवे होणार नाहीत आणि मदत करायला कुणीतरी उरेल. अंगावर केस उभे राहायला लागले, झिणझिण्या आल्या, तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं गुडघ्यात, हात कानांवर. जमिनीवर झोपायचं नाही, कारण मग विजेला आख्खं शरीर मिळतं. हा शेवटचा उपाय आहे. पक्कं घर दोन मिनिटांवर असेल तर बसू नका, पळा.

ऐकीव गोष्टी

'पायाळू माणसावर वीज पडते.' ही आपल्याकडची फार जुनी समजूत. जन्माला येताना आधी पाय बाहेर आले म्हणून विजेला तुमचा पत्ता कळत नाही. उलट याचा तोटा असा की जो पायाळू नाही तो बिनधास्त झाडाखाली उभा राहतो.

'मोबाइल वीज ओढतो.' नाही. हातातला फोन विजेला बोलावत नाही. उघड्या जागी तुम्ही उभे आहात, हा धोका आहे. मात्र फोनमध्ये डोकं घालून राहिलात आणि आभाळ बघितलं नाही, तर तो धोका फोनमुळेच!

'एका जागी दोनदा पडत नाही.' पडते. उंच इमारतींवर आणि टॉवरवर पुन्हा पुन्हा पडते.

'वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो.' ही सगळ्यात घातक समजूत, म्हणून शेवटी ठेवली.

कुणाला लागलीच, तर

विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो आणि लावायलाच हवा. अनेकदा हृदय आणि श्वास थांबलेला असतो, पण वेळेवर मदत मिळाली तर माणूस वाचू शकतो. लोक मात्र भीतीनं लांब उभे राहतात आणि तीच पाच मिनिटं वाया जातात.

आधी स्वतःकडे बघा, वीज अजून कडाडतेय का. शक्य असेल तर त्याला आडोशाला न्या. एकानं १०८ किंवा ११२ लावायचं. परक्या शहरात असाल तर जवळची खूण सांगा: कोणता चौक, कोणतं मंदिर, कोणता पंप. श्वास चालू नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. एकाहून जास्त जणांना लागलं असेल तर जो ओरडतोय त्याच्याकडे नाही, जो निपचित पडलाय त्याच्याकडे आधी जा. ओरडणारा श्वास घेतोय, हे नक्की असतं.

वर्ध्याच्या बाबतीत एक दिलासा आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय, अशी वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालयं शहराच्या दोन बाजूंना आहेत. तुम्ही कुठल्या बाजूला आहात, एवढं फक्त माहीत असू द्या.

आणि वादळ गेल्यावर रस्त्यावर तार पडलेली दिसली, तर ती बंद असेल असं धरून चालू नका. साचलेल्या पाण्यात असेल तर त्या पाण्यातही पाय नको. इतरांना अडवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

तर मंडळी,

दोन कामं सांगतो. आज रात्री झोपण्यापूर्वी दामिनी टाका आणि लोकेशनची परवानगी द्या. आणि पुढच्या वेळी कुठल्याही नव्या गावात उतरलात की जेवायचं ठिकाण शोधता ना, तसंच आसपास नजर टाकून एक पक्की इमारत हेरून ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे.

आणि तुम्ही जर माझ्यासारखे 'इथले' असाल, तर पाहुण्याला काय काय दाखवायचं याबरोबर कुठे शिरायचं तेही सांगा. त्याला ही गावं माहीत नाहीत, तुम्हाला माहीत आहेत.

भाऊ या दिवाळीत परत येतोय. परवा मी त्याला ती यादी पाठवली, छताच्या रकान्यासकट. त्याचं उत्तर आलं: 'आणि त्या काकूंकडे चहा प्यायला जायचंय, ते यादीत टाक.' टाकलंय. तिथे वीज आली तरी चालेल.

तुमच्या गावात वादळात लोक कुठे थांबतात, ते मला आवाजी निरोपात नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!